चार कार्बन, पाच प्रती

१ डिसेंबर १९५२ रोजी लेनिनग्राड विद्यापीठात मिखाईल क्रासिल्निकोव आणि युरी मिखाइलोव हे दोन विद्यार्थी खेडुतांसारखे ढगळ सदरे आणि बूट घालून वर्गात आले. टिपणं काढायला त्यांनी पिसांचे टाक आणले होते. मधल्या सुट्टीत वाडग्यात क्वास ओतून, त्यात पाव आणि कांदा कुस्करून ते लाकडी चमच्यांनी खायला बसले आणि खाताखाता वेलिमीर ख्लेब्निकोवच्या ओळी हेल काढून म्हणू लागले. क्वास म्हणजे काळा पाव आंबवून केलेलं पेय. त्यात पाव कुस्करून खाणं म्हणजे गरिबाघरचं जेवण. बस्स, एवढंच. ना घोषणा, ना पत्रक, ना सरकारबद्दल अवाक्षर. स्टालिन मरायला अजून तीन महिने होते. दोघांनाही विद्यापीठातून आणि युवक कम्युनिस्ट संघटनेतून काढून टाकण्यात आलं.

क्रासिल्निकोवला नंतर परत घेतलं, आणि १९५६ च्या क्रांतिदिनाच्या मिरवणुकीत सरकारविरोधी घोषणा दिल्या म्हणून तो चार वर्षांसाठी छावणीत गेला. घोषणांची शिक्षा समजू शकते. पण कांदा-पाव आणि चाळीस वर्षांपूर्वीची कविता यांनी एवढं का झोंबावं?

सोव्हिएत काळातल्या रशियन कवितेचा विषय निघाला की आपल्याकडे अख्मातोवा, पास्तरनाक, ब्रॉड्स्की ही नावं निघतात, आणि सोसलेल्या हालअपेष्टांच्या कथा निघतात. त्या खऱ्याच आहेत. मला मात्र पहिल्यापासून या क्वासवाल्या घराण्याचं वेड. मी रशियन शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांत, आणि तीही कवितेसाठी नव्हे. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तालिकाकार होते. तिथे सोव्हिएत रसायनशास्त्राची नियतकालिकं येत आणि त्यांच्या नोंदी करणारं कुणीतरी हवं होतं. त्यामुळे कवितेकडे मी जरा चुकीच्या दारानं शिरले. ओळीच्या आधी मला कागद दिसतो, प्रतींची संख्या दिसते, आकार दिसतो. आणि या कवींच्या बाबतीत, माझ्या मते, तेच आधी पाहावं.

ख्लेब्निकोव (१८८५–१९२२) कझानच्या विद्यापीठात गणित शिकलेला. १९१० मध्ये त्याची हसण्यावरची कविता छापून आली. ती जवळजवळ संपूर्ण एकाच धातूवर उभी आहे. ‘हसणे’ या रशियन धातूला त्यानं आधीचे-नंतरचे प्रत्यय लावत नेले आणि शब्दकोशात नसलेले, पण कुणाही रशियन माणसाला ऐकताक्षणी कळतील असे शब्द पाडले. मराठीत कुणी ‘हसकरी’, ‘हसाळ’, ‘विहसू’, ‘हसवंड’ असं करत सुटलं तर जे होईल ते. प्रत्ययांची श्रीमंती असलेल्या भाषेतच हे जमतं. रशियनमध्ये ती आहे, मराठीतही आहे. आपण ती फारशी वापरत नाही एवढंच. त्याचा मित्र अलेक्सेय क्रुचोनिख आणखी पुढे गेला. १९१३ मध्ये त्यानं कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांची पाच ओळींची कविता छापली आणि पुश्किनच्या सगळ्या कवितेपेक्षा या पाच ओळींत जास्त रशियनपण आहे, असं ठोकून दिलं. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं ‘झाऊम’, म्हणजे अकलेच्या पलीकडलं. त्याच वर्षी व्हासिलिस्क ग्नेदोवनं ‘अंताची कविता’ म्हणून शीर्षकाखाली कोरं पान दिलं. ती ‘वाचून दाखवा’ म्हटलं की तो हातानं एक झटका देई आणि थांबे.

क्रांतीनंतर हे सगळं संपलं असं पाठ्यपुस्तकं सांगत. माणसं मात्र संपली नव्हती. क्रुचोनिख मॉस्कोत १९६८ पर्यंत होता. ग्नेदोव छावण्या भोगून १९७८ पर्यंत जगला. म्हणजे सोव्हिएत काळातल्या तरुण कवींना ‘जुन्या काळचे’ हे लोक प्रत्यक्ष भेटू शकत होते, आणि काहीजण जाऊन भेटतही.

मधला दुवा लेनिनग्राडचा. २४ जानेवारी १९२८ रोजी तिथल्या मुद्रणभवनात ‘ओबेरिऊ’ नावाच्या मंडळींनी कार्यक्रम केला. दानिइल खार्म्सनं त्यात कपाटावर बसून कविता वाचल्या. खार्म्स आणि अलेक्सांद्र व्वेदेन्स्की हे त्यांतले दोन मोठे. त्यांची वाक्यं व्याकरणानं अगदी शुद्ध असतात. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. फक्त ती एकमेकांना लागून अशी उभी राहतात की जगाचा तोल जातो. दोघांचं पोट चालत होतं ते बालसाहित्यावर; ‘योझ’ आणि ‘चिझ’ या मुलांच्या मासिकांत ते लिहीत. मुलांसाठी म्हटलं की उलटंपालटं बोलायला परवानगी होती. मोठ्यांसाठीच्या खार्म्सच्या फक्त दोन कविता त्याच्या हयातीत छापल्या गेल्या.

१९३१ च्या डिसेंबरात दोघांना अटक झाली. आरोप काय? बालसाहित्यातल्या सोव्हिएतविरोधी गटाचे सदस्य असल्याचा. आणि त्या चौकशीच्या कागदांत ‘झाऊम’ हा चक्क गुन्ह्याचा पुरावा म्हणून येतो. इथे मला सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. निंदा करणाऱ्या वाक्याचं काय करायचं हे सेन्सॉरला ठाऊक असतं. ज्या वाक्याचा अर्थच हाताला लागत नाही, त्याच्यावर शिक्का कोणता मारायचा? जिथे प्रत्येक शब्दाला वरून ठरवून दिलेला एकच अर्थ आहे, तिथे निरर्थक शब्द म्हणजे हिशेबात न धरलेली रक्कम. हिशेबनीस चिडणारच.

पुढे १९४१ मध्ये दोघांनाही पुन्हा पकडलं. व्वेदेन्स्की त्याच वर्षी कैदी म्हणून नेला जात असताना मेला. खार्म्स वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये, तुरुंगाच्या मनोरुग्ण विभागात, २ फेब्रुवारी १९४२ ला गेला. त्याच्या घरावर बॉम्बहल्ल्याचा दणका बसलेला. त्याचा मित्र याकोव द्रुस्किन हा तत्त्वज्ञ उपासमारीनं अर्धा झालेला असताना तिथवर चालत गेला आणि हस्तलिखितांची सुटकेस घेऊन परतला. त्यात व्वेदेन्स्कीचेही कागद होते. खार्म्स परत येईल या आशेवर त्यानं बरीच वर्षं त्या कागदांना हात लावला नाही. साठच्या दशकात मात्र त्यानं ते तरुण अभ्यासकांना दाखवायला सुरुवात केली, आणि कागद टंकयंत्राखाली गेले. व्लादिमीर एर्ल हा स्वतः कवी. त्यानं आणि मिखाईल मेयलाख यांनी मिळून खार्म्सच्या समग्र कवितांची पाठशुद्ध आवृत्ती केली, ती निघाली पश्चिम जर्मनीत, ब्रेमेनला. मेयलाखना १९८३ मध्ये अटक झाली आणि सात वर्षांची शिक्षा झाली. १९८७ मध्ये ते सुटले. एका सुटकेसमुळे रशियन कवितेचं अर्धं शतक वाचलं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता टंकयंत्राकडे. ‘सॅमिझदात’ हा शब्द आता जगभर गंभीर चेहऱ्यानं वापरतात, पण त्याचा जन्म थट्टेत झाला. सरकारी प्रकाशनसंस्थांची नावं ‘गोसिझदात’, ‘पोलितिझदात’ अशी जोडशब्दांची असत. निकोलाय ग्लाझकोव नावाच्या मॉस्कोच्या कवीनं चाळीसच्या दशकात आपल्या कवितांच्या घरगुती वह्यांवर प्रकाशकाच्या जागी ‘सामसेब्याइझदात’ असं टंकलं, म्हणजे ‘माझंमीचप्रकाशन’. पुढे मधली अक्षरं गळाली आणि शब्द चळवळीचा झाला.

चांगलं टंकयंत्र, कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, मध्ये कार्बन, आणि दणकून मारलेल्या कळा. एका दमात चार-पाच प्रती. शेवटची प्रत इतकी पुसट की अंदाजानं वाचायची. ज्याला ती मिळेल त्यानं वाचून परत पाच काढायच्या. हे एक प्रकाशनतंत्र झालं, पण त्याचा कवितेवर परिणाम काय होतो? लांब कादंबरी अशा रीतीनं पसरवणं कष्टाचं. आखूड कविता चटकन पसरते. दुसरं, टंकयंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, त्यामुळे मोकळी जागा मोजता येते. कवी रिकाम्या जागेचाही वापर करू लागतो. तिसरं, प्रत काढणारा चुका करतो, आणि चूक ही इथे शोभेची गोष्ट होऊ शकते. आपल्याकडेही १९५४ मध्ये कोलटकर-चित्रे मंडळींनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढलं आणि पुढे साठीत लघुनियतकालिकांचं पीक आलं. त्यांच्याकडे पैसा नव्हता आणि प्रस्थापित संपादक नको होते. पण त्यांच्या दारात स्टेन्सिलसाठी कुणी पोलीस येत नव्हता. हा फरक मोठा आहे, तो पुसून ‘आमचंही तसंच होतं’ म्हणू नये.

मॉस्कोच्या उत्तर टोकाला लिआनोझोवो. तिथे पूर्वी छावणी होती आणि तिच्या लाकडी बराकींत नंतर साधी माणसं राहायला आली. एका खोलीत एक कुटुंब, नळ बाहेर. त्यांतल्या एका खोलीत चित्रकार ओस्कार राबिन राहत असे. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून रविवारी तिथे चित्रं मांडली जात, कविता वाचल्या जात. या साऱ्यांचे गुरू म्हणजे राबिनचे सासरे येवगेनी क्रोपिवनित्स्की. त्यांची पत्नी ओल्गा पोतापोवा चित्रकार होत्या, आणि जवळच्या एका ग्रंथालयात काम करत. माझ्या व्यवसायातली मला ठाऊक असलेली सर्वांत फलदायी घटना त्यांच्या खिडकीवर घडली. छावणीत पहाऱ्यावर असलेला इगोर खोलिन नावाचा एक शिक्षा झालेला लष्करी माणूस पुस्तक मागायला आला. बोलता बोलता कळलं की तो स्वतः लिहितो. पोतापोवांनी त्याला घरी नवऱ्याकडे नेलं. खोलिननं पुढे बराकींवर ज्या कविता लिहिल्या त्या पोलीस पंचनाम्याच्या भाषेत आहेत: कोण, कुठे, काय प्यायला, कशानं मेला. विशेषण जवळजवळ नाही. साहित्यिक भाषा टाळणं हाच तिथला भाषेचा प्रयोग.

त्याच खोलीतला व्सेवोलोद नेक्रासोव (१९३४–२००९) मला या सगळ्यांत अवघड वाटतो आणि आवडतो. त्याची कविता कधी दहा शब्दांची, त्यांतले सहा तेच. पानावर दोन स्तंभ, कधी नुसती तळटीप, आणि वर जिची टीप आहे ती कविता गायब. तो सरकारी शब्द घेतो आणि झिजवतो. स्वातंत्र्यावरची त्याची एक कविता प्रसिद्ध आहे. ती समजायला एक गोष्ट ठाऊक हवी: ‘स्वातंत्र्य म्हणजे उमजलेली अनिवार्यता’ ही व्याख्या प्रत्येक सोव्हिएत विद्यार्थी परीक्षेसाठी घोकत असे. नेक्रासोव तीच व्याख्या सुरू करतो, अडखळतो, पुन्हा सुरू करतो, पुन्हा अडखळतो, आणि शेवटी जिथे पोचतो तिथे घोकलेलं उत्तर नसतं. एकही नवा शब्द न वापरता परीक्षेचं उत्तर नापास करून दाखवलं आहे. अशा कवितेत ‘बंड’ शोधणाऱ्याला ते सापडत नाही. सांगितलेल्या अर्थाची पुनरावृत्ती करायला एक माणूस साफ नकार देतो, एवढंच घडतं.

गेनरिख सापगीर (१९२८–१९९९) तिथला सर्वांत खेळकर. तोही मुलांसाठी लिहून जगला; रशियातल्या दोन पिढ्यांना पाठ असलेल्या ‘रोमाश्कोवोची आगगाडी’ या कार्टूनच्या कथालेखकांत त्याचं नाव आहे. बाकीचं सगळं खणात. १९७५ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शन-मैदानावर अनधिकृत चित्रकारांना प्रथमच मोठं प्रदर्शन करू दिलं, तेव्हा सापगीरनं दोन सुनीतं शर्टांवर लिहून टांगली. पुस्तक छापायला परवानगी लागते. शर्टाला लागत नाही! पुढे त्यानं ‘अर्धे शब्द’ हा प्रकार काढला. शब्दाचा शेवट तोडायचा, आणि उरलेल्या तुकड्यांतून वाचणाऱ्यानं वाक्य पुरं करायचं. मराठीत करून पाहा. ‘पाऊस पडून गेल्यावर अंगणात चिमण्या उतरल्या’ या वाक्याचं ‘पाऊ पडू गेल्या अंग चिम उतर’ असं होतं. वाचणारा शेपट्या जोडतोच, पण मध्येच ‘अंगण’ तुटून ‘अंग’ समोर येतं, आणि ‘पाऊ’ म्हणताना चिखलात पाऊल पडल्यासारखं वाटतं. हे कुणी मुद्दाम घातलेलं नाही. भाषेच्याच पोटात होतं. सापगीर ऑक्टोबर १९९९ मध्ये मॉस्कोच्या ट्रॉलीबसमध्ये हृदयविकारानं गेला. त्याच्या मोठ्यांसाठीच्या कविता मायदेशात पुस्तकरूपानं यायला साठी उजाडली होती.

लेव रुबिन्श्टाइन (१९४७–२०२४) याच्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. तो माझ्या जातीचा. मॉस्कोतल्या एका अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो सूचिकार म्हणून अनेक वर्षं नोकरीला होता, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्यानं आपल्या कविता कॅटलॉगच्या कार्डांवर लिहायला घेतल्या. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं ते जाड कार्ड ज्यानं हाताळलं नसेल त्याला सांगून कळणार नाही. त्यावर फार मजकूर मावत नाही. म्हणून तालिकाकार वाक्य छाटायला शिकतो. कार्ड एकटं अर्थपूर्ण असावं लागतं आणि तरीही त्याची जागा आधीच्या-नंतरच्या कार्डांमुळे ठरते. रुबिन्श्टाइननं हेच कवितेत आणलं. एका कार्डावर एक ओळ. कधी ऐकलेलं बोलणं, कधी रंगसूचना, कधी एखाद्या कादंबरीतून उचलल्यासारखं वाक्य, कधी नुसता आकडा आणि कोरं कार्ड. तो गठ्ठा हातात घेऊन वाचायचा. एक कार्ड, थांबा. दुसरं कार्ड, थांबा. त्या थांब्याची लांबी तोच ठरवणार. छापील पुस्तकात कवी वाचकाचा वेग ताब्यात ठेवू शकत नाही. गठ्ठा हातात असला की ठेवू शकतो.

त्याची ‘नायकाचा प्रवेश’ ही १९८६ ची कविता सुरू होते रोजच्या बोलण्यातल्या वाक्यांनी. फोनवरची, रांगेतली, दारात उभं राहून बोललेली. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण थोड्या वेळानं कानाला कळतं की प्रत्येक वाक्य पुश्किनच्या त्या सुप्रसिद्ध चार-गणी छंदात बसतंय. आपल्या एसटीतली कंडक्टर आणि प्रवाशाची सुट्ट्या पैशांवरची बाचाबाची कुणी नीट ऐकावी आणि ती आपोआप ओवीत पडलेली निघावी, तसं. रुबिन्श्टाइननं ती वाक्यं घडवली की गोळा केली, हे विचारण्यात अर्थ नाही. रशियन माणूस शाळेत पुश्किन इतका पाठ करतो की भांडतानाही त्याच्या तोंडून पुश्किनचाच ठेका बाहेर पडतो, हे त्या कार्डांनी सिद्ध केलं. ‘आईने खिडकीची चौकट धुतली’ या दुसऱ्या कवितेचं शीर्षक म्हणजे रशियन बालपुस्तकातलं वाक्य, आपल्या ‘छगन, कमळ बघ’च्या जागी असलेलं. तिथेही कार्डामागून कार्ड, बालपणातली छोटी छोटी विधानं, तितकीच बिनमहत्त्वाची आणि सरळ. आणि गठ्ठा संपता संपता त्या विधानांतून एक अख्खं युद्धोत्तर बालपण उभं राहतं. मी आयुष्यभर कार्डं लिहिली. एकमेकांशेजारी ठेवल्यावर ती बोलू लागतात हे मला ठाऊक होतं. त्यातून कविता होईल हे सुचलं नाही.

दिमित्री प्रीगोव (१९४०–२००७) याच्या पाठीराख्यांची संख्या जास्त आहे. माझं प्रेम थोडं कमी. तो शिल्पकलेचा पदवीधर. स्वतःला नेहमी ‘दिमित्री अलेक्सांद्रोविच’ असं वडिलांच्या नावासकट म्हणवून घेई, म्हणजे मित्रांतसुद्धा सरकारी फॉर्मवरचं नाव. त्याच्या कवितांचा नायक शहराचा पोलीस शिपाई. तो शब्द प्रीगोव शुद्ध लिहीत नाही. लोकांच्या तोंडी जसा घासला गेलाय तसा लिहितो, आणि वर मोठं पहिलं अक्षर देतो, देवाच्या नावाला द्यावं तसं. एका चुकलेल्या स्पेलिंगमध्ये सगळी विडंबना. उत्पादनाचं त्याचं प्रमाण कारखान्याला शोभेल असं: २००० सालापर्यंत चोवीस हजार कविता करायचा संकल्प त्यानं केला होता आणि तो आकडा त्यानं ओलांडला, असं तो सांगे. पंचवार्षिक योजनेची ही नक्कल आहे हे उघड आहे, पण हजारो वेळा केलेली नक्कलही कधीतरी दमवते. मला त्याची दोन कामं मनापासून आवडतात. एक म्हणजे ‘टाकून दिलेल्या कवितांच्या शवपेट्या’: न जमलेल्या कविता घडी घालून चारी बाजूंनी पिना मारून बंद केलेल्या. दुसरं, पुश्किनचं ‘येवगेनी ओनेगिन’ त्यानं स्वतः टंकून काढलं, फक्त जागोजागची विशेषणं काढून तिथे ‘वेडसर’ आणि ‘अपार्थिव’ हे दोनच शब्द भरत. नक्कल काढणारा आपल्या आवडीनं मजकूर बदलत जातो, या सॅमिझदातच्या रोगाचंच त्यानं महाकाव्य केलं. १९८६ मध्ये शहरात भिंतींवर आणि खांबांवर ‘नागरिकांना’ उद्देशून गोडगोड सूचनांच्या चिठ्ठ्या चिकटवल्याबद्दल त्याला पकडून मनोरुग्णालयात टाकलं. लेखकांनी आरडाओरडा केला, तेव्हा सोडलं. पेरेस्त्रोइका सुरू झालेली होती, तरीही.

मॉस्को-लेनिनग्राडपासून फार दूर, अझोव समुद्राच्या काठी येयस्क नावाचं छोटं गाव आहे. तिथे री निकोनोवा आणि सेर्गेय सिगेय हे जोडपं राहत असे. १९७९ पासून पुढची सात-आठ वर्षं त्यांनी ‘ट्रान्सपोनान्स’ नावाचं नियतकालिक काढलं, एकूण ३६ अंक, प्रत्येकी पाच प्रती. पाचच का? टंकयंत्राच्या कार्बनमुळे. पण हे दोघं टंकावर थांबले नाहीत. पानं कात्रीनं कापली, मधे भोकं पाडली की मागच्या पानाचा शब्द पुढच्या ओळीत डोकवावा. रंगवली, चिकटवली, घड्या घातल्या. काही अंक चौकोनी राहिलेच नाहीत. दुसऱ्याची कविता घेऊन तिच्यावर आपली कविता चढवायची, या प्रकाराला ते संगीतातल्यासारखं स्वरांतरण म्हणत; नियतकालिकाच्या नावातही तेच. निकोनोवानं ‘निर्वात कविता’ केली, म्हणजे पोकळी हाच मजकूर. ग्नेदोवच्या कोऱ्या पानाची ही नात, आणि सिगेयनं नंतर ग्नेदोवच्या कवितांच्या संपादनात हात घालून हे नातं कागदावरही आणलं. ओबेरिऊतला शेवटचा जिवंत माणूस, इगोर बाख्तेरेव, याच अंकांत लिहीत होता. साठ वर्षं छापखान्यानं नाकारलेली एक परंपरा समुद्रकाठच्या गावात पाच प्रतींमध्ये चालू होती. १९९८ मध्ये या जोडप्याला आंद्रेय बेली पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार लेनिनग्राडच्या ‘चासी’ या टंकलिखित नियतकालिकानं १९७८ मध्ये सुरू केलेला. रक्कम एक रुबल, सोबत एक सफरचंद आणि वोडकाची बाटली. माझ्या माहितीतला हा सर्वांत प्रामाणिक साहित्य पुरस्कार आहे.

उलटसुलट सारखंच वाचता येणाऱ्या वाक्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण रशियन अनधिकृत कवितेत त्याचं वेड मोठं. ‘तो कवि डालडा विकतो’ हे आपण शाळेत एकमेकांना सांगितलेलं असतंच, आणि सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या दैवज्ञ सूर्यकवीनं सुलट वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा, असं अख्खं संस्कृत विलोमकाव्य रचलं. आपलं विलोम अक्षरांचं असतं. रशियन विलोम एकेका वर्णाचं, त्यामुळे जास्त काटेकोर. ख्लेब्निकोवनं १९२० मध्ये चारशेवर ओळींची अशी कविता स्तेन्का राझिन या बंडखोरावर लिहिली. दिमित्री आवालिआनी (१९३८–२००३) यानं हे कोडं हस्ताक्षरात नेलं. तो कागदावर असा शब्द काढी की कागद फिरवला की दुसरा शब्द वाचता यावा, बहुधा पहिल्याच्या विरुद्धचा. श्रोत्यांसमोर उभा राहून तो कागद धरी, फिरवी, आणि लोक हसून टाळ्या वाजवत. छापील पुस्तकात हे पाहताना पुस्तक उलटंपालटं करावं लागतं. मजा अर्धी जाते.

१९९१ नंतर सगळं छापून आलं. नेक्रासोव, सापगीर, खोलिन, प्रीगोव यांचे जाडजूड खंड निघाले. रुबिन्श्टाइनची कार्डं पुस्तकात आली तेव्हा ती क्रमांक घातलेल्या ओळी झाल्या, आणि तो स्वतः उत्तम स्तंभलेखक म्हणून जास्त ओळखला जाऊ लागला. युक्रेनवरच्या युद्धाविरुद्ध त्यानं उघड भूमिका घेतली होती. जानेवारी २०२४ मध्ये मॉस्कोत रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून काही दिवसांनी तो गेला. ‘ट्रान्सपोनान्स’च्या अंकांची छायाचित्रं आता टोरोंटो विद्यापीठाच्या सॅमिझदात प्रकल्पामुळे घरबसल्या पाहता येतात. त्यांत भोकं दिसतात, पण भोकातून बोट जात नाही.

निवृत्तीनंतर सवयीनं मी यांच्या नोंदी मनातल्या मनात करते. कार्डावर लेखक, शीर्षक, आवृत्ती, स्थळ, वर्ष, पृष्ठसंख्या, आकार. सापगीरचं सुनीत: आकार, शर्टाचा नंबर. ग्नेदोव: पृष्ठसंख्या एक, मजकूर नाही, तरीही ‘कोरं पान’ म्हणून रद्दीत टाकता येणार नाही. ‘ट्रान्सपोनान्स’: उंची कुठल्या कोपऱ्यापासून मोजायची हे आधी ठरवावं लागेल, आणि प्रत्येक प्रत वेगळी असल्यानं पाच प्रतींना पाच कार्डं. प्रीगोवची शवपेटी सर्वांत अवघड. पानं मोजायची तर पिना काढाव्या लागतात, आणि पिना काढल्या की ज्याची नोंद करायची ती वस्तूच उरत नाही. अशा वेळी आमच्या नियमांत सोय आहे: पृष्ठसंख्येच्या जागी चौकटी कंसात लिहायचं, ‘अनिश्चित’.